दिराचा बँजो आणि वहिनीचा गंधार

ताई, नमस्कार.

मी नाशिकला गंगापूर रोडला राहते. संवादिनी, म्हणजे पेटी, वाजवते. विशारद झाले आहे, घरी क्लास घेते, अधूनमधून गायकांच्या साथीला बसते. लग्नाला चार वर्षं झाली. सासर सटाण्याचं. धाकटा दीर कांद्याच्या व्यापाऱ्याकडे हिशेब लिहितो आणि लग्नसराईत एका बँजो पार्टीत बँजो वाजवतो.

मागच्या उन्हाळ्यात नणंदेच्या हळदीला त्याच्या पार्टीने अहिराणी गाणी वाजवली. सगळे नाचत होते. मधल्या वेळात तो घाम पुसत माझ्याकडे आला. म्हणाला, "वहिनी, तुम्ही तर जाणकार. कसं वाजतंय?" मी म्हटलं, "तुझा गंधार चढा आहे. आधी वाद्य सुरात लाव." म्हणजे त्याचा 'ग' हा स्वर जागेपेक्षा वर लागत होता, आणि हे मी पाहुण्यांसमोरच म्हटलं. तो हसला, पण तेव्हापासून मी सटाण्याला असले की बँजो खोळीतून बाहेर निघत नाही. मी गाडीत बसले की नवराही गाणी बंद करतो. परवा सासूबाई म्हणाल्या, "तुझ्यासमोर गुणगुणायचीसुद्धा भीती वाटते गं."

मला खरंच बेसूर सहन होत नाही, ताई. अंगावर काटा येतो. आमचे गुरुजी सांगायचे, काहीबाही ऐकलं की कान बिघडतो. मग मी शिष्ट आहे की माझा कान तयार आहे? सगळे गाणारे-वाजवणारे असेच असतात का? आणि दिराशी आता काय बोलू?

– एक वहिनी, नाशिक

प्रिय वहिनी,

लग्नाला चार वर्षं म्हणतेस, म्हणजे तुला अगंतुगं केलं तर चालेल.

तुझ्या पत्रात दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत. बेसूर टोचतं, ही एक. बँजो पार्टी म्हटल्यावर ऐकायच्या आधीच कपाळाला आठी पडते, ही दुसरी. पहिलीसाठी तुला कुणी शिष्ट म्हणणार नाही. इतकी वर्षं पेटीवर बोटं झिजवल्यावर कानाला एवढं कळायलाच हवं. दुसरीबद्दल मात्र चार गोष्टी ऐकून घे.

आधी त्या गंधाराचं बघू, कारण तू सगळा दावा त्याच्यावर उभा केला आहेस. बँजोची तार उतरली असती तर त्या तारेवरचे सगळेच स्वर उतरले असते. एकटा गंधार चढा लागला असेल तर दोष तारेचा नाही, पट्ट्यांचा. त्या वाद्यात प्रत्येक स्वराची जागा कारखान्यातच पक्की झालेली असते. बाराही स्वर सारख्या अंतरावर. तानपुऱ्याच्या खर्जातून जो गंधार आपोआप ऐकू येतो तो षड्जापासून, म्हणजे 'सा'पासून, सुमारे ३८६ सेंटवर असतो आणि या समान अंतराच्या हिशेबात तो येतो ४०० सेंटवर. (पेटीवरच्या शेजारच्या दोन पट्ट्यांत १०० सेंटचं अंतर धर.) म्हणजे १४ सेंट चढा. तू अचूक ऐकलंस, शाबास. पण "वाद्य सुरात लाव" हा सल्ला त्याला पाळताच आला नसता. कितीही खुंट्या पिळल्या तरी तो गंधार तिथेच राहणार.

आणि आता तुझी पेटी उघड. तू खास गांधार ट्यूनिंग करून घेतलं नसेल, तर तुझाही गंधार बरोबर तेवढाच चढा आहे. घेतलं असेल, तर तो ज्या षड्जासाठी लावला तिथे गोड वाजेल आणि गायकाने पट्टी, म्हणजे 'सा'ची जागा, बदलली की दुसरीकडे कुठेतरी दुखेल. डॉ. विद्याधर ओक यांनी २२ श्रुतींची, म्हणजे सप्तकातल्या २२ सूक्ष्म स्वरांची, पेटी केली ती याच दुखण्यापायी. एखादा गायक भर मैफलीत, माईक चालू असताना तुझ्याकडे वळून म्हणाला असता, "बाई, तुमचा गंधार चढा आहे", तर? त्याचं म्हणणं शास्त्राला धरून असतं. तुला घरी जाऊन पेटीला हात लावावासा वाटला असता का, हे तूच ठरव.

खरं सांगायचं तर हे असं झालेलंही आहे, आणि एका माणसाबरोबर नाही, अख्ख्या वाद्याबरोबर. १ मार्च १९४० पासून आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली. कारणं तुला पाठ असतील: वाद्य परदेशी, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं) निघत नाही, श्रुती सापडत नाहीत. रवींद्रनाथ ठाकूरही या बंदीच्या बाजूने होते, म्हणजे विरोध करणारी माणसं अडाणी नव्हती. ही बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. तीन दशकं देशाच्या रेडिओवर तुझ्या वाद्याला साथीलाही जागा नव्हती. पण मैफली काही पेटीवाचून अडल्या नाहीत, कारण मैफलीत पेटी होतीच. बंदीच्या आधी थोर गवई भास्करबुवा बखल्यांच्या साथीला गोविंदराव टेंबे बसायचे ते याच वाद्यावर. पुढे पी. मधुकर आले, अप्पा जळगावकर आले, तुळशीदास बोरकर आले. मींड निघत नाही म्हणणाऱ्यांनी यांना ऐकताना माना डोलावल्या आणि नंतर पुन्हा मींड निघत नाही म्हणाले.

आता बँजोची कुंडली. अमेरिकन बँजोशी त्याचा नावापुरताच संबंध. हे मुळातलं जपानी 'ताइशोगोतो', नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये केलेलं. टाइपरायटरसारख्या पट्ट्या आणि खाली तारा. आपल्याकडे ते बुलबुलतरंग झालं, मग कुणीतरी त्याला पिकअप जोडला, अँप्लिफायर जोडला, आणि ते वरातीच्या पुढे चालायला लागलं. तुझी पेटी युरोपातून आली. तिला हाताचा भाता लावून मांडी घालून वाजवण्याजोगी केली ती कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी, १८७५ च्या सुमारास. दोन्ही वाद्यं बाहेरून आली, दोन्हींना पट्ट्या आहेत, दोन्हींत मींड निघत नाही आणि दोन्हींचा गंधार चढा. एकीला आता मैफलीत बैठक मिळाली आहे, दुसरं अजून ट्रॉलीवर उभं आहे. सांगण्यासारखा फरक मला तरी एवढाच दिसतो.

तू विचारलंस, सगळे असेच असतात का. बरेचसे असतात. आपल्याकडे ही उतरंड फार जुनी आहे. धृपदिया ख्यालाकडे बघून नाक मुरडायचा, ख्यालिया ठुमरीकडे, ठुमरी गाणारी नाटकातल्या पदांकडे, नाटकवाले सिनेमाकडे. आता सिनेमाची जुनी गाणी ऐकणारे नव्या गाण्यांना नावं ठेवतात आणि ऑर्केस्ट्रावाला बँजोवाल्याला. बँजोवाला डीजेवाल्याला काय म्हणतो ते दिराला विचार, मजा येईल.

सत्ता हाती आली की हीच आवड सरकारी धोरण होते. बाळकृष्ण केसकर १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि त्यांनी सिनेमाची गाणी आकाशवाणीवरून हद्दपार केली. लोकांचा कान सुधारावा, ही तळमळ खरी होती. लोकांनी रेडिओचा काटा रेडिओ सिलोनवर नेला. अमीन सायानींची 'गीतमाला' त्याच वर्षीच्या डिसेंबरात सुरू झाली. शेवटी १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती काढून सरकारलाच लोकांच्या मागे जावं लागलं. आणि गंमत बघ, आपल्या नाशिकात जन्मलेले शास्त्रीय गायक दत्तात्रेय विष्णू, म्हणजे बापूराव पलुसकर, त्याच १९५२ सालच्या 'बैजू बावरा' सिनेमासाठी उस्ताद अमीर खाँसाहेबांबरोबर गाऊन गेले. तुझ्या विशारदच्या प्रमाणपत्रावर ज्या संस्थेचं नाव आहे तिची मुळं या बापूरावांच्या वडिलांनी १९०१ मध्ये लाहोरला काढलेल्या गांधर्व महाविद्यालयात आहेत. त्या घरातल्या मुलाला सिनेमासाठी गाताना कमीपणा वाटला नाही.

या वडिलांनी, म्हणजे विष्णु दिगंबर पलुसकरांनी, आयुष्याची शेवटची वर्षं नाशिकला रामनामात काढली, हे इथल्या गाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. पिंपळपारावर पाडवा पहाट ऐकायला जाणाऱ्यांनाही ठाऊक असतं. आता दुसरं नाव सांगते, वामनदादा कर्डक. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, जन्म १९२२ चा. आयुष्यभर गावोगाव फिरून भीमगीतं लिहिली आणि गायली. ती आजही १४ एप्रिलला वस्त्यावस्त्यांतून तोंडपाठ म्हटली जातात. जिल्हा एकच. तुझ्या क्लासमधल्या किती मुलांनी हे दुसरं नाव ऐकलंय? तू स्वतः?

हे मी टोमणा म्हणून विचारत नाही. १९९६ मध्ये बेथनी ब्रायसन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी तिकडच्या लोकांच्या नावडी तपासल्या. जास्त शिकलेले लोक एकंदरीत जास्त प्रकारचं संगीत चालवून घेतात, हे दिसलंच. पण ते ज्यांना नको म्हणतात ते प्रकार कुठले? ज्यांचे श्रोते कमी शिकलेले असतात, नेमके तेच. त्याच वर्षी पीटरसन आणि कर्न यांनीही दाखवलं की वरच्या वर्गातला रसिक आता एकाच उच्च प्रकाराला चिकटून बसत नाही, सगळं थोडंथोडं चाखतो. म्हणजे "मी सगळं ऐकते" असं म्हणणं हीही एक प्रतिष्ठा झाली, आणि त्या 'सगळ्या'तून काय वगळलं जातं ते बघितलं की माणूस कळतो. आपल्याकडे तर तिकडच्यापेक्षा एक जास्तीची पायरी आहे, जातीची. जाझ ऐकणारा, कव्वाली ऐकणारा, आफ्रिकन ढोल ऐकणारा मुलगा गंगापूर रोडच्या कॅफेत भेटतो. हलगी, संबळ आणि बँजोला मात्र त्याच्या यादीत जागा नसते. आवडीनिवडीवर कुणाची जबरदस्ती नाही, पण आपली नावड नेमकी कुणाच्या अंगणाशी जाऊन थांबते ते एकदा बघायला हवं.

जाता जाता: तुझ्या शहराचं नाव ज्या वाद्याला लागलंय ते केरळात निवडणुकीच्या मिरवणुकीत आणि लग्नात 'नाशिक ढोल' म्हणूनच वाजतं. संवादिनीला अजून कुठल्या शहराने आपलं नाव दिलेलं नाही!

पण सगळेच असे नसतात, आणि जे नसतात ते बहुतेक वेळा तयारीने मोठे असतात. भास्करबुवा बखले तीन घराण्यांच्या उस्तादांकडे शिकले: ग्वाल्हेरचे फैज महंमद खाँ, आग्र्याचे नथ्थन खाँ, जयपूरचे अल्लादिया खाँ. आणि एवढी विद्या घेऊन १९१६ मध्ये 'स्वयंवर' नाटकाला चाली दिल्या, तेव्हा आपण काही खालचं काम करतोय असं त्यांना वाटलं नसणार, कारण चाली तशा नाहीत. तबलानवाज अल्लारखाँनी १९६८ मध्ये बडी रिच या जाझ ड्रमरबरोबर रेकॉर्ड केली. कुमार गंधर्व क्षयाने देवासला अंथरुणाला खिळले होते, तेव्हा बाहेरून कानावर पडणारी माळव्यातल्या बायकांची गाणी त्यांनी मनापासून ऐकली, आणि पुढे त्यांच्या गायकीत ती कुठेकुठे मुरली ते तू जाणतेसच. त्यांनी लताबाईंवर एक लेख लिहिला आहे. आजारपणात रेडिओवर एक आवाज ऐकला, गाणं संपल्यावर नाव कळलं, तिथून सुरू होतो. सिनेमाच्या गाण्यांनी लोकांचे कान बिघडवले, या शास्त्रीय मंडळींच्या तक्रारीला त्यांनी त्यात सरळ उत्तर दिलंय की बिघडवले नाहीत, उलट सुधारले. तीन-साडेतीन मिनिटांचं एक चांगलं गाणं आणि खानदानी गवयाची तेवढ्याच तासांची मैफल, दोन्हींच्या आनंदाचं मोल ते एकच धरतात. हे कुमारांनी म्हटलंय, कुणा फिल्मी माणसाने नाही.

तुझ्या गुरुजींनाही मी खोटं पाडणार नाही. नवशिक्या मुलाचा स्वर अजून बसलेला नसतो. गळा जे ऐकतो ते उचलतो. त्या वयात चार-पाच वर्षं एकाच वळणाचं ऐक म्हणणं हे औषधाबरोबर पथ्य सांगण्यासारखं आहे. पण पथ्य आजारापुरतं असतं, ते जन्मभर पाळून दुसऱ्यांच्या ताटात डोकावायचं नसतं. तू विशारद झालीस, क्लास घेतेस, साथ करतेस. एका हळदीने बिघडण्याइतका तुझा कान कच्चा असेल, तर मला काळजी त्या कानाची वाटेल.

मला वाटतं तुझी अडचण वेगळी आहे. क्लासमध्ये रोज तू मुलांचं ऐकतेस ते चूक शोधायला. त्याचेच पैसे मिळतात, त्यात गैर काही नाही. हळूहळू तो कान बंद करायचं बटण हरवतं. मग गाडीतलं गाणंही परीक्षेला बसतं आणि सासूबाईंचं गुणगुणणंही. पण वहिनी, तुझ्याकडे दुसरा एक कान आहे, आणि तो फार थोड्या लोकांकडे असतो. साथीला बसतेस तेव्हा काय करतेस आठव. गायक काय म्हणू पाहतोय तिकडे तुझं लक्ष असतं. त्याचा स्वर जरा हलला तर तू सांभाळून घेतेस. अनपेक्षित जागेवर गेला तर मागोमाग जातेस, 'ही जागा या रागात बसत नाही' असं तिथे म्हणत नाहीस. स्वतःला न पटणारी लय त्याने धरली तरी तुझी बोटं ती धरतात. दिराचं वाजवणं तू त्या कानाने एकदाही ऐकलेलं नाहीस.

त्या कानाने ऐकलंस तर काय ऐकू येईल? मांडवात गर्दी आहे, मॉनिटर नाही, शेजारी ताशा कडकडतोय, त्यात तो एक चाल धरून आहे. बायका नाचताना दमल्या की चाल बदलायची, नवरीची मामी पुढे आली की तिच्या आवडीचं लावायचं, दोन गाण्यांच्या मधे पाय थांबू द्यायचे नाहीत. त्याच्याकडे सम (तालाची पहिली मात्रा) नाही असं नाही, त्याची सम नाचणाऱ्याच्या पायात आहे. अहिराणी गाण्याच्या ओळीला जो हेलकावा असतो तो त्याच्या पट्ट्यांतून कितपत निघतो, हा तुझ्या कानाला शोभणारा प्रश्न आहे. गंधाराचा प्रश्न तर ट्यूनरचं अॅपही विचारेल.

हे सगळं ऐकूनही तुला बँजो आवडला नाही, तर नाही आवडला. आवडल्याचं नाटक करू नकोस. वाजवणाऱ्याला खोटी 'वा' लगेच कळते, तुलाही कळते. आणि डीजेच्या भिंतीसमोर छाती धडधडते, त्याला शिष्टपणा म्हणत नाहीत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही २००० सालच्या नियमांतली मर्यादा आहे, रात्री दहानंतर लाउडस्पीकरच बंद असायला हवा. ती तक्रार खुशाल कर. फक्त तक्रार आवाजाबद्दल आहे की गाण्याबद्दल की नाचणाऱ्यांबद्दल, हे स्वतःशी आधी नक्की कर.

घरच्यांचं सोपं आहे. गाडीत बसल्यावर तूच नवऱ्याला म्हण, लाव तुझी गाणी. आणि मग गाव येईपर्यंत त्या गाण्यांविषयी काही बोलू नकोस, चांगलंही नको. तुझ्या तोंडून चांगलं आलं तरी सध्या ते शेऱ्यासारखंच वाटेल. सासूबाईंना त्यांच्या माहेरच्या जात्यावरच्या ओव्या विचार. सटाण्याच्या त्या बागलाण भागात त्या पिढीच्या बायकांकडे अजून बरंच काही आहे आणि ते लिहून घेणारं कुणी नाही. तू स्वरलिपी लिहू शकतेस, घरात दुसऱ्या कुणाला येत नाही.

राहिला दीर. मोठी माफी मागू नकोस, सगळ्यांसमोर तर नकोच, तो अवघडेल. पुढच्या खेपेला सटाण्याला गेलीस की जेवणं झाल्यावर त्याला एकट्याला गाठ आणि सांग: तो गंधार तुझ्या हातात नव्हता, तो पट्ट्यांचाच आहे, माझ्या पेटीतही तसाच आहे. मग बँजो मागून घे. उजव्या हाताने तार छेडत डाव्याने पट्ट्या दाबायच्या असतात. तुझ्या उजव्या हाताला स्वर वाजवायची सवय, म्हणजे पहिल्या दिवशी तुझं वाजवणं वाईटच होणार. त्याला हसू दे. तो जे सांगेल ते ऐक, आणि तो काय चुकीचं सांगतोय हे तुला कळलं तरी त्या रात्री दुरुस्त करू नकोस.